३७ व्या वर्षी जगात एक नंबर: आइस हॉकीच्या गोलकीपरचं करिअर इतक्या उशिरा का बहरतं

२०११ च्या जूनमध्ये व्हँकुव्हरला एनएचएल या आइस हॉकी लीगच्या फायनलची सातवी म्हणजे शेवटची मॅच होती, आणि बॉस्टन ब्रुइन्सचा गोलकीपर टिम थॉमस याने त्या रात्री ३७ शॉट अडवले, एकही गोल होऊ दिला नाही, बॉस्टन ४-० ने जिंकलं आणि त्यांना तब्बल ३९ वर्षांनी स्टॅनली कप मिळाला. थॉमसचं वयही तेव्हा ३७ च होतं. प्लेऑफमधल्या सगळ्यात भारी खेळाडूला कॉन स्मिथ ट्रॉफी देतात, ती मिळवणारा तो सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला.

आता दुसरी गोष्ट ऐका. हाच माणूस ३१ वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या नावावर एनएचएलच्या मॅच होत्या फक्त ४.

फॉरवर्ड खेळणाऱ्या कुणाचं असं झालं असतं तर ३१ व्या वर्षी तो गावाकडे परत जाऊन दुसरा कामधंदा बघत असता. पण गोलकीपरचं गणित पूर्ण वेगळं चालतं आणि मला हा सगळ्या खेळांमधला सगळ्यात विलक्षण करिअरचा प्रकार वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी खेळाची माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात. एनएचएल ही अमेरिका-कॅनडाची लीग, ३२ टीम, जगातली सगळ्यात मोठी. बर्फावर प्रत्येक टीमचे ५ खेळाडू आणि १ गोलकीपर. ते पाच जण साधारण ४०-५० सेकंद जीव तोडून स्केटिंग करतात आणि बेंचवर येऊन बसतात, त्यांच्या जागी दुसरे पाच जातात, असं पूर्ण मॅचभर चालू असतं. गोलकीपर मात्र ६० मिनिटं तिथेच उभा. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन साधारण १७० ग्रॅम, आणि ती जास्त उसळू नये म्हणून मॅचच्या आधी फ्रीजरमध्ये ठेवून गोठवतात. आपल्याकडे लडाखमध्ये, लेह-कारगिलच्या बाजूला, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ मनापासून खेळतात, आणि २०२५ मध्ये भारताच्या महिला टीमने आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, त्यातल्या बऱ्याच मुली लडाखच्याच.

चांगल्या खेळाडूचा जोरदार शॉट ताशी १६० किलोमीटरने येतो. म्हणजे १२ मीटरवरून मारला तर गोलकीपरकडे पाव सेकंदाच्या आसपास वेळ. एवढ्या वेळात बघून, ठरवून, मग हात हलवणं माणसाला जवळजवळ जमतच नाही. त्यामुळे चांगला गोलकीपर शॉट मारायच्या आधीच बराचसा निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो, स्टिकचं पातं कसं वळलंय, मारणाऱ्याचं वजन कुठल्या पायावर आहे, पलीकडे पास द्यायला कोण मोकळा आहे, हे सगळं वाचून तो योग्य जागी जाऊन उभा राहतो. आणि ही वाचायची नजर येते हजारो शॉट खाल्ल्यावर. १९-२० वर्षांच्या मुलाकडे चपळाई भरपूर असते पण ती नजर क्वचित असते. गोलकीपर उशिरा तयार होतात त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण म्हणजे जागाच नसते. प्रत्येक टीमकडे गोलकीपर दोन, एक मेन आणि एक बॅकअप. ३२ टीम गुणिले २, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये ६४ नोकऱ्या, आणि त्यातल्या खऱ्या अर्थाने खेळायच्या साधारण निम्म्याच. फॉरवर्ड नवीन असेल तर त्याला चौथ्या लाइनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी वेळ बर्फावर उतरणाऱ्या गटात, ८-१० मिनिटं खेळवून बघता येतं, गोलकीपरला अर्धवट खेळवता येत नाही, तो एकतर आत असतो नाहीतर बाहेर. क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळेल, किरण मोरे टीममध्ये होते तोपर्यंत चंद्रकांत पंडितांसारख्या कीपरला ५ टेस्टवर थांबावं लागलं आणि त्यातही काही वेळा निव्वळ बॅट्समन म्हणून. इथे तर निव्वळ बॅट्समन म्हणून घेण्याचीही सोय नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण डॉमिनिक हाशेक. चेकोस्लोव्हाकियातल्या पार्डुबित्सेचा. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये शिकागोने त्याला जवळजवळ दोनशेव्या नंबरला निवडलं, तो अमेरिकेत आला १९९० ला, तेव्हा शिकागोत एड बेलफोर नावाचा जबरदस्त गोलकीपर ऐन भरात होता. हाशेक बसून राहिला. १९९२ मध्ये शिकागोने त्याला बफेलोला देऊन टाकलं, तिथेही पुढे ग्रँट फ्यूर होता, तो जखमी झाला तेव्हा कुठे हाशेकला सलग खेळायला मिळालं, वय २८-२९. पुढे सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी ६ वेळा आणि अख्ख्या लीगमधल्या सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी १९९७ आणि १९९८ अशी दोनदा. गोलकीपर असून हार्ट दोनदा मिळवणारा तो एकटाच. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या सेमीफायनलला कॅनडाचे पाच जण शूटआऊटमध्ये त्याच्यासमोर आले आणि पाचही रिकाम्या हाताने परत गेले, मग चेक टीमने फायनलमध्ये रशियाला १-० ने हरवून गोल्ड घेतलं. जो माणूस शिकागोला बेंचवर बसवायला परवडत होता तो हा.

ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगतो. दर उन्हाळ्यात लीगच्या टीम १८ वर्षांच्या आसपासच्या मुलांची एकेक करून निवड करतात, आता ७ फेऱ्या असतात. गोलकीपर निवडताना टीमवाल्यांचा अंदाज इतक्या वेळा चुकतो की बरेच जण पहिल्या फेरीत गोलकीपर घ्यायलाच घाबरतात. २००३ मध्ये मार्क-आंद्रे फ्लेरी पहिल्या नंबरला गेला आणि त्याचं करिअर खरोखर मोठं झालं, पण हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ व्या नंबरला गेला होता, पेका रिने २००४ मध्ये २५८ व्या, आणि सर्गेई बोब्रोव्स्कीला तर कुणी निवडलंच नाही. तिघांनीही पुढे व्हेझिना मिळवली.

थॉमस १९९४ मध्ये २१७ वा. त्याला निवडणारी क्वेबेक नॉर्डिक्स ही टीमच पुढच्या वर्षी कोलोराडोला निघून गेली. मिशिगनमधल्या फ्लिंटचा मुलगा, मोटारींच्या कारखान्यांचं गाव, घरची परिस्थिती बेताची. गोलकीपरचं सामान बाकीच्यांपेक्षा महाग आणि कोचिंग कॅम्पची फी वेगळी, तर एकदा त्याच्या आईवडिलांनी लग्नाच्या अंगठ्यांवर पैसे उभे करून त्याला कॅम्पला पाठवलं होतं. मला हे वाचल्यावर त्याच्या सगळ्या आकड्यांकडे बघायची दृष्टीच बदलली.

व्हरमाँट युनिव्हर्सिटीतून १९९७ ला बाहेर पडल्यावर त्याचं जे सुरू झालं ती म्हणजे या धंद्यातली खरी भटकंती. एनएचएलच्या खाली एएचएल, त्याच्या खाली ईसीएचएल, तेव्हा आयएचएल नावाची अजून एक लीग होती. बर्मिंगहॅम, ह्यूस्टन, मग फिनलंडमध्ये हेलसिंकी, तिथे १९९८ ला टीम चॅम्पियन झाली, मग परत अमेरिका-कॅनडात खालच्या लीगमध्ये हॅमिल्टन, परत हेलसिंकी, डेट्रॉईट, मग स्वीडनमध्ये स्टॉकहोम, मग फिनलंडमध्येच ओउलू. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनकडून एनएचएलमध्ये पहिली मॅच, वय २८, आणि ती जिंकला. त्या सीझनला ४ मॅच खेळायला मिळाल्या आणि पुन्हा खाली प्रॉव्हिडन्सला, म्हणजे बॉस्टनच्या एएचएल टीमकडे.

खालच्या लीगमधलं हे आयुष्य बाहेरून दिसतं तितकं सोपं नसतं. एएचएलमध्ये पगार एनएचएलच्या तुलनेत खूपच कमी, प्रवास बसने, आणि करार बऱ्याचदा टू-वे, म्हणजे वरच्या टीममध्ये असाल त्या दिवसांचा पगार वेगळा आणि खाली असाल त्या दिवसांचा वेगळा. एनएचएलमध्ये मात्र कमीत कमी पगारही वर्षाला ७ लाख डॉलरच्या पुढे असतो, म्हणून तो फोन कधी येतो याची वाट बघण्यात वर्षं जातात. आणि तो फोन बहुतेक वेळा वरच्या गोलकीपरचा गुडघा किंवा मांडी दुखावल्यावरच येतो. कुणीतरी जखमी व्हावं लागतं, हे कटू आहे पण तसंच आहे.

मग एखादा गोलकीपर चांगला आहे हे ठरवतात कसं? इथे सेव्ह पर्सेंटेज नावाचा आकडा लागतो. आलेल्या शॉटपैकी किती अडवले, एवढंच. .९२० म्हणजे १०० पैकी ९२ अडवले. आता गंमत बघा, एका मॅचला साधारण ३० शॉट येतात असं धरू. .९०० वाला गोलकीपर मॅचला सरासरी ३ गोल खाणार, .९२० वाला २.४. बघायला फरक काहीच नाही, स्टेडियममध्ये बसून तर दिसणारच नाही. पण ६० मॅच खेळल्या तर शॉट झाले १८००, पहिल्याने खाल्ले १८० आणि दुसऱ्याने १४४, म्हणजे ३६ गोलांचा फरक, आणि तेवढ्यावर टीम प्लेऑफला जाते किंवा घरी बसते. १०० शॉटमागे २, यावर एकाची कोटींची डील होते आणि दुसऱ्याची नोकरी जाते.

आणि हे २ शॉट नशिबाचेही असू शकतात ना. पक कुणाच्या तरी स्केटला लागून दिशा बदलते, समोर गर्दी असल्यामुळे शॉट दिसतच नाही, डिफेन्स ढिसाळ असेल तर येणारे शॉटच अवघड असतात. त्यामुळे १०-१५ मॅचच्या आकड्यावरून कुणाबद्दल काही ठरवणं म्हणजे अंधारात बाण मारणं. थॉमसला तर ४ मॅच मिळाल्या होत्या! टीमला खात्री व्हायला शंभरेक मॅच लागतात, आणि खात्री नाही म्हणून त्या शंभर मॅच कुणी देत नाही. माझ्या मते गोलकीपरची निम्मी करिअर या चक्रात अडकून संपतात, त्यांच्यात गुण नव्हते म्हणून नाही.

थॉमसचं चक्र तुटलं ते विचित्र पद्धतीने. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. थॉमस परत हेलसिंकीला गेला, योकेरिट नावाच्या टीमकडून खेळला आणि एका सीझनमध्ये १५ शटआऊट केले, शटआऊट म्हणजे पूर्ण मॅचमध्ये शून्य गोल. फिनलंडच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून खेळाडूंनीच त्याला निवडलं. तरी पुढच्या सीझनची सुरुवात त्याने प्रॉव्हिडन्सलाच केली. २००६ च्या जानेवारीत बॉस्टनचे गोलकीपर जखमी झाले, तो वर आला आणि मग जागा सोडली नाही. २००९ मध्ये पहिली व्हेझिना, ४ वर्षांचे २ कोटी डॉलर.

आता शरीराबद्दल. आज जवळजवळ सगळे गोलकीपर बटरफ्लाय पद्धतीने खेळतात, म्हणजे गुडघे बर्फावर एकमेकांजवळ टेकवायचे आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना बाहेर पसरायच्या, त्यामुळे खालची पूर्ण जागा पॅडने झाकली जाते. जास्त शॉट खालून येतात म्हणून ही पद्धत फायद्याची, माँट्रियलचा पॅट्रिक रॉय आणि त्याचा कोच फ्रान्स्वा अलेर यांनी ८० च्या दशकात ती गाजवली आणि मग सगळीकडे पसरली. पण मांडीचं हाड खुब्यात ज्या पद्धतीने वळतं ते बघा, प्रॅक्टिस धरून दिवसात शेकडो वेळा खाली बसायचं आणि उठायचं, लहानपणापासून. खुब्यातली कूर्चा फाटणं हा गोलकीपर लोकांचा नेहमीचा आजार झालाय आणि कितीतरी जणांची सर्जरी होते. बटरफ्लायसाठी उंचीही लागते, कारण गुडघ्यावर बसल्यावर वरचे कोपरे खांद्यांनी झाकले पाहिजेत, म्हणून आता टीम सव्वासहा फुटांच्या आसपासची मुलं शोधतात. थॉमस सहा फुटांनाही जरा कमीच, आणि त्याची पद्धत पुस्तकात न बसणारी, लोळून, झेपावून, पाठीवर पडूनसुद्धा अडवणारा. खालच्या लीगमध्ये त्याची इतकी वर्षं गेली त्यात त्याच्या या ‘अशास्त्रीय’ खेळाचाही वाटा होता असं मला वाटतं. हाशेकही तसाच खेळायचा आणि त्यालाही सुरुवातीला कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं.

२००९-१० मध्ये थॉमसचा खुबा दुखावला, आकडे घसरले आणि टूका रास्क या २२ वर्षांच्या फिनिश मुलाने त्याची जागा घेतली. व्हेझिना मिळवल्यावर एका वर्षात बेंचवर. उन्हाळ्यात त्याने सर्जरी करून घेतली, बॉस्टन त्याला विकणार अशा बातम्या येत होत्या, आणि पुढच्या सीझनला त्याने सेव्ह पर्सेंटेज काढलं .९३८, तोपर्यंतचा एनएचएलचा रेकॉर्ड, आधीचा होता हाशेकचा .९३७. दुसरी व्हेझिना, आणि वर सांगितलेली व्हँकुव्हरची रात्र. त्या फायनलच्या ७ मॅचमध्ये मिळून त्याने फक्त ८ गोल खाल्ले.

असे चढउतार थॉमसपुरते नाहीत. बोब्रोव्स्कीने २०१९ मध्ये फ्लोरिडाशी ७ वर्षांचा ७ कोटी डॉलरचा करार केला आणि लगेच खेळ बिघडला, लोक म्हणायला लागले पैसे पाण्यात गेले, २०२३ च्या प्लेऑफची सुरुवात तर त्याच्याऐवजी ॲलेक्स लायनने केली. मधेच बोब्रोव्स्कीला आत घातलं, टीम फायनलपर्यंत गेली, आणि मग २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप. तोपर्यंत तो ३६ चा झाला होता.

मारही काही कमी नसतो. १९५९ पर्यंत जवळजवळ सगळे गोलकीपर मॅचमध्ये मास्कशिवाय उभे राहायचे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट माँट्रियलच्या जाक प्लांटच्या तोंडावर बसला, टाके घालून झाल्यावर तो म्हणाला मास्क घालू देत असाल तरच परत जातो. कोच टो ब्लेकला ते अजिबात पसंत नव्हतं, पण दुसरा गोलकीपरच नव्हता कारण तेव्हा बॅकअप ठेवायची पद्धत नव्हती. प्लांट मास्क घालून खेळला, टीम जिंकली, जिंकतच राहिली आणि हळूहळू सगळे मास्क वापरायला लागले. त्याच काळातला ग्लेन हॉल सलग ५०२ मॅच पूर्ण खेळला, सगळ्या मास्कशिवाय, आणि मॅचच्या आधी त्याला टेन्शनने उलटी व्हायची हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि दोन्ही गोलकीपर एकाच रात्री जखमी झाले तर? त्यासाठी प्रत्येक स्टेडियममध्ये एक इमर्जन्सी गोलकीपर तयार ठेवायचा नियम झाला होता, जो कुठल्याही टीमला लागला तर मिळायचा. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरोंटोमध्ये कॅरोलिनाचे दोघेही जखमी झाले आणि डेव्हिड एअर्स आत गेला, वय ४२, बर्फ गुळगुळीत करायचं झँबोनी मशीन चालवणारा माणूस, ज्याला आईची किडनी बसवलेली होती. पहिले दोन शॉट आत गेले. पुढचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलिनाने ६-३ ने मॅच जिंकली. एनएचएल मॅच जिंकल्याची नोंद आता त्याच्या नावावर आहे.

थॉमसचा शेवट मात्र असा गोड नाही झाला. २०१२-१३ ला तो खेळलाच नाही, २०१३ मध्ये फ्लोरिडाकडून परत आला आणि त्या डिसेंबरमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तेव्हा तो पहिल्यांदा यावर उघड बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर काय खायचं हेसुद्धा ठरवता येत नव्हतं, असं त्याने सांगितलं, आणि नंतरच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या दोन तृतीयांश भागाला ५ टक्क्यांपेक्षा कमी रक्तपुरवठा होतोय असं दिसलं. बरीच वर्षं तो लोकांपासून लांब राहिला, हॉकी बघणंही त्याला झेपत नव्हतं. त्याच्या गप्प राहण्यावर तोपर्यंत लोकांनी काय काय लिहिलं होतं ते आठवलं की खूप वाईट वाटतं.

या सगळ्याचा परिणाम टीम चालवण्याच्या पद्धतीवरही झालाय. न्यू जर्सीचा मार्टिन ब्रोडूर, ज्याच्या नावावर ६९१ विजयांचा रेकॉर्ड आहे, तो २००६-०७ मध्ये ८२ पैकी ७८ मॅच खेळला होता. आता बहुतेक टीम मेन गोलकीपरला ५०-५५ च्या आसपासच ठेवतात आणि उरलेल्या बॅकअपला देतात, काही टीम तर निम्म्या निम्म्या वाटतात, कारण खुबे टिकले पाहिजेत आणि प्लेऑफला माणूस ताजा पाहिजे. त्यामुळे आता बॅकअपलाही वर्षाला २५-३० मॅच मिळतात, म्हणजे दोन-तीन सीझनमध्ये त्याचे आकडे विश्वास ठेवण्याइतके जमा होतात. थॉमसला तेवढ्यासाठी ३२ व्या वर्षापर्यंत थांबावं लागलं होतं.